नाहीशी झालेली लहर : ईसीजी वाचायला जग कसे शिकले?

१/ ईसीजीची पट्टी आज साध्या दवाखान्यातही निघते. पण हे यंत्र तयार झाले तेव्हा त्याची रेषा वाचणारे जवळजवळ कोणी नव्हते. लिपी आधी आली, वाचक नंतर घडले. ते कसे घडले, हे एकाच विकाराच्या इतिहासातून पाहू. #थ्रेड

२/ १८८७ : लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी मानवी हृदयाच्या विद्युत-स्पंदनांची पहिली नोंद घेतली. साधन होते केशनलिकेतील पारा. हृदयाच्या वेगापुढे पारा मागे पडे आणि आकृती बिघडे.

३/ नेदरलँड्समधील लायडनचे विलेम आइन्थोव्हेन यांनी १८९५ मध्ये लहरींना पी, क्यू, आर, एस, टी ही नावे दिली. १९०१ मध्ये त्यांनी नवे यंत्र जाहीर केले : चांदीचा मुलामा दिलेला क्वार्ट्झचा सूक्ष्म तंतू, प्रबळ चुंबकात ताणलेला. प्रवाह आला की तंतू हले आणि त्याची सावली फोटोपट्टीवर उमटे.

४/ यंत्राचे वजन सुमारे २७० किलो. ते रुग्णापर्यंत नेणे अशक्य. म्हणून रुग्णालयातून सुमारे दीड किलोमीटर दूरच्या प्रयोगशाळेपर्यंत टेलिफोनच्या तारेने स्पंदने पाठवली गेली. १९०६ मध्ये आइन्थोव्हेन यांनी असे अनेक आलेख छापले. त्यांत अत्यंत अनियमित नाडीचाही एक होता. त्याचा अर्थ मात्र तेव्हा उलगडला नाही.

५/ त्याच काळात इंग्लंडमधील बर्नली या गिरणगावात जेम्स मॅकेंझी हे डॉक्टर वेगळ्या वाटेने तोच विकार वाचत होते. मनगटाची नाडी आणि मानेतील शिरेचे स्पंदन ते एकाच पट्टीवर शेजारी शेजारी नोंदवत. एकच रुग्ण ते वर्षानुवर्षे तपासत, हे त्यांचे खरे बळ.

६/ त्यांना दिसले, की नाडी कायमची अनियमित झाली की शिरेच्या आलेखातील एक लहर नाहीशी होते. ही लहर हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या, म्हणजे अलिंदांच्या, आकुंचनाची. मॅकेंझींनी अनुमान काढले : अलिंदांना पक्षाघात झाला असावा.

७/ पण शवविच्छेदनात काही रुग्णांच्या अलिंदांची भिंत जाड आढळली. निकामी स्नायू तर झिजायला हवा. मॅकेंझींनी आपले अनुमान मागे घेतले. निरीक्षण अचूक होते. अर्थ अजून सापडायचा होता.

८/ १९०९ : लंडनचे तरुण संशोधक टॉमस लुइस यांनी अशा रुग्णांचे ईसीजी काढले. पी लहर इथेही गायब होती. पण तिच्या जागी बारीक, वेडीवाकडी थरथर होती. हा यंत्राचा दोष म्हणून सोडून देणे सोपे होते.

९/ लुइस यांनी पडताळा घेतला. प्रयोगात कुत्र्याची अलिंदे थरथरू लागली की तसाच आलेख येई. रुग्णाच्या छातीवर अलिंदांजवळ इलेक्ट्रोड ठेवले की थरथर अधिक ठळक होई. म्हणजे अलिंदे थांबली नव्हती. एकत्र आकुंचन पावण्याऐवजी ती विस्कळीतपणे थरथरत होती. हेच एट्रियल फिब्रिलेशन. त्यातले काहीच आवेग, तेही अनियमित अंतराने, खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचतात. म्हणून नाडी बेताल.

१०/ या वाचनाने उपचारही उजळला. डिजिटॅलिस हे जुने औषध अशाच रुग्णांना विशेष लागू पडते, हे मॅकेंझींनी पाहिले होते. आता कारण समजू लागले : ते खाली जाणारे आवेग रोखते आणि नाडी मंदावते. औषध कोणाला द्यावे, हे ठरवायला आधार मिळाला.

११/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रसंग ओळखीचा वाटावा. दप्तरात एखाद्या गावाची नोंद थांबली, म्हणून गाव ओस पडले असे आपण चटकन म्हणतो. कदाचित तिथे नोंद ठेवता येणार नाही इतकी धामधूम असेल. दुसरे साधन शेजारी ठेवल्याशिवाय ते कळत नाही.

१२/ १९११ मध्ये लुइस यांनी हृदयस्पंदनावरील आपला ग्रंथ दोघांना अर्पण केला : मॅकेंझी आणि आइन्थोव्हेन. एकाने रुग्ण वाचला होता, दुसऱ्याने रेषा दिली होती. आजही ईसीजी हाती घेणारा चांगला डॉक्टर आधी रुग्णाची नाडी पाहतो. (समाप्त)