तारेवरचा टोला

१९७७ सालच्या ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटातील अंतराळशस्त्रांचा आवाज बेन बर्ट यांनी मनोऱ्याच्या ताणलेल्या पोलादी तारेवर हातोडी मारून मिळविला. लांब तारेतून वा स्प्रिंगमधून उच्च स्वर आधी पोहोचतात, खर्ज मागाहून. त्यामुळे कानी घसरता, परलोकीचा वाटणारा नाद येतो. स्प्रिंग ताणून तिला कान लावावा, घरीही ऐकू येईल.

आम्हां पुणेकरांना मात्र याहून जुनी गोष्ट स्मरते. कोल्हापूरची ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यात आली. १९३७ च्या ‘कुंकू’त शांतारामबापूंनी पार्श्वसंगीत ठेवलेच नाही, प्रसंगातील वस्तूंतून उमटेल तेवढाच ध्वनी. संगीतकार केशवराव भोळे यांच्यासाठी हे केवढे व्रत! वृद्धाशी फसवून लग्न लावलेली नीरा, आणि घरात ते जुने घड्याळ. अशा घड्याळांत हातोडी बहुधा पोलादी तारेच्या वेटोळ्यावरच पडते. वेदीपुढे वधूवरांची संमती ऐकणाऱ्या आम्हां धर्मगुरूंना तो टोला जरा अधिकच लागतो.

‘प्रभात’च्या त्याच वास्तूत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. तेथे ध्वनिमुद्रण शिकलेल्या रसूल पूकुट्टी यांना २००९ साली ऑस्कर लाभले.