परक्या फौजांच्या छायेतील मजलिस

उर्दू माध्यमाच्या शाळेत नागरिकशास्त्र शिकवताना एक सोय असते. इंतिखाब, मजलिस, वजीर, एतबार हे शब्द मुलांना समजावून द्यावे लागत नाहीत, ती ते घरातूनच घेऊन येतात. इराणच्या राजकारणाबद्दल वाचू लागले तेव्हा हीच ओळखीची मंडळी तिथेही भेटली. नवा भेटला तो एक शब्द, ‘एतबारनामा’. निवडून आलेल्या माणसाला इराणच्या मजलिसमध्ये आपला एतबारनामा मांडावा लागे. कोणी हरकत घेतली तर त्यावर चर्चा होई, मतदान होई आणि तो नामंजूर झाला तर लोकांनी निवडून दिलेला माणूस परत जाई. एतबार म्हणजे भरवसा. पण हा भरवसा नक्की कोणाचा? मतदाराचा, सभागृहाचा, की रस्त्यावर ट्रक घेऊन उभ्या असलेल्या परक्या फौजेचा? 1944 च्या इराणमध्ये हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

आधी थोडी पार्श्वभूमी. दुसऱ्या महायुद्धात इराणने तटस्थता जाहीर केली होती. तरीही 25 ऑगस्ट 1941 रोजी उत्तरेकडून रशियन आणि दक्षिणेकडून ब्रिटिश फौजा देशात घुसल्या. कारण सांगितले ते इराणमधल्या जर्मन तंत्रज्ञांचे. खरी गरज होती आबादानच्या तेलाची आणि रशियाला शस्त्रे पोहोचवणाऱ्या रेल्वेची. दक्षिणेकडून आलेल्या या ‘ब्रिटिश’ फौजेत मोठा भरणा आपल्याच लोकांचा होता. हिंदी सैन्याच्या आठव्या आणि दहाव्या डिव्हिजनचे जवान आबादानपासून करमानशाहपर्यंत पसरले. ज्या हिंदुस्थानातून ते गेले तिथे काय चालले होते? मध्यवर्ती कायदेमंडळाची निवडणूक 1934 नंतर थेट 1945 साली झाली आणि मुंबई प्रांतात 1939 च्या राजीनाम्यांनंतर गव्हर्नरचा कारभार होता. स्वतःच्या घरी मतपेटी बंद असलेली माणसे दुसऱ्याच्या घरी पहारा देत होती.

16 सप्टेंबरला रझाशाहने गादी सोडली. सप्टेंबरअखेर बंदर अब्बासहून त्याला ज्या बोटीने नेले तिचे नाव ‘बांद्रा’. मुंबईकर वाचकाला हे नाव वाचून हसू येईल, पण शाहला ती बोट मुंबईला नेत आहे असेच वाटत होते. मुंबईसमोर समुद्रात ती थांबली, क्लेरमाँट स्क्राइन नावाचा अधिकारी बोटीवर चढला आणि त्याने सांगितले, मुंबईत उतरता येणार नाही, मॉरिशसला जायचे आहे. काल-परवापर्यंत ज्याच्या एका शब्दावर मजलिसमधल्या खुर्च्या ठरत, त्याला किनाऱ्यावर पाय ठेवता आला नाही. रझाशाहच्या काळातल्या निवडणुका म्हणजे वरून आलेल्या यादीची नक्कल असे, हे इथे सांगायला हवे. परके आले आणि त्यांनी निर्मळ लोकशाही बिघडवली, असा साधा हिशेब मांडता येत नाही. हुकूमशहाचा हात निघाला आणि रिकाम्या झालेल्या जागी अनेक हात एकदम शिरले.

29 जानेवारी 1942 रोजी ब्रिटन, रशिया आणि इराण यांच्यात तह झाला. त्यात स्पष्ट लिहिले होते की, या फौजांचे इराणमध्ये असणे म्हणजे लष्करी ताबा नव्हे. देशाच्या कारभारात शक्य तितकी कमी ढवळाढवळ होईल आणि युद्ध संपल्यावर सहा महिन्यांत फौजा निघून जातील. ताब्याला ताबा म्हणायचे नाही, इथूनच सुरुवात होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेहरानमध्ये रोटीसाठी दंगल झाली. धान्य पिकवणारा उत्तरेचा बराचसा मुलूख रशियनांकडे, मालमोटारी आणि रेल्वे मित्रफौजांच्या कामाला जुंपलेली, आणि शहरात पीठ नाही.

अशा देशात 1943 साली चौदाव्या मजलिसच्या निवडणुका सुरू झाल्या. ‘सुरू झाल्या’ असेच म्हणायला हवे, कारण त्या एका दिवसात आटोपत नसत. आज या गावी, महिन्याने त्या गावी, अशा त्या महिनोन्‌महिने चालत. जागा 136. मत फक्त पुरुषांना. इराणी बाईला मत मिळाले ते 1963 साली.

मी शिक्षिका असल्याने निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. पहाटे उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान, मग सील, शाई, सह्या आणि संध्याकाळी मतांचा आकडा जुळेपर्यंत जिवाला घोर. त्यामुळे इराणच्या निवडणुकीत माझे लक्ष भाषणांपेक्षा टेबलाकडे गेले. टेबलावर कोण बसले होते? प्रत्येक मतदारसंघात एक देखरेख समिती असे. मतदार कोण, मत ग्राह्य कोणते, मोजणी कशी, हे सारे तिच्या हाती. ती समिती बनवण्यात तिथल्या सरकारी हाकिमाचा शब्द चाले आणि हाकीम नेमी गृहखाते. शिवाय मतदार कागदावर उमेदवारांची नावे लिहून ती चिठ्ठी पेटीत टाकत. बहुसंख्य लोक निरक्षर. मग नाव लिहिणार कोण? जमीनदाराचा कारकून, मोहल्ल्यातला मातब्बर, पक्षाचा कार्यकर्ता. शेतकरी घडी घातलेली चिठ्ठी घेऊन येई आणि पेटीत टाकून जाई.

एवढे समजले की परक्या सत्तेला पेटी फोडण्याची गरज का नव्हती हे कळते. हाकीम आपल्या मर्जीतला असला, जमीनदाराला गव्हाचा आणि ट्रकचा परवाना आपल्याकडून मिळत असला, तर उरलेले काम देशातलीच माणसे करतात. उत्तरेत तर इराणी अधिकाऱ्याला स्वतःच्याच देशात हिंडायला रशियनांची परवानगी लागे. दक्षिणेत इस्फहान, शिराझ, करमान इथल्या ब्रिटिश वकिलातींशी बिघडवून घेणे पुढाऱ्यांना परवडणारे नव्हते.

माणसे उचलण्याचाही प्रकार होता. डिसेंबर 1942 मध्ये इस्फहानच्या लष्करी छावणीचा प्रमुख जनरल जाहेदी याला, जर्मनांशी संधान असल्याच्या संशयावरून, ब्रिटिशांनी त्याच्या घरातून पकडून पॅलेस्टाईनला पाठवले. (हाच जाहेदी पुढे 1953 मध्ये मुसद्दिकचे सरकार उलथवण्यात पुढे होता आणि त्या वेळी तो ब्रिटिशांच्या मर्जीतला होता. राजकारणातल्या मर्जीचे असे असते.) ऑगस्ट 1943 मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, याच संशयाने आणखी बऱ्याच इराण्यांना अटक झाली. आणि सप्टेंबरात त्याच पॅलेस्टाईनहून एक माणूस परत आला, सय्यद जियाउद्दीन तबातबाई. 1921 मध्ये रझाखानबरोबर सत्ता हिसकावून हा जेमतेम तीन महिने पंतप्रधान राहिला होता, पुढची बावीस वर्षे परदेशात. तो आला आणि दक्षिणेतल्या यज्दमधून मजलिसवर निवडूनही गेला. ब्रिटिशांची पॅलेस्टाईनकडे जाणारी आणि तिकडून येणारी अशी दोन्ही वाहतूक चालू होती.

1 डिसेंबर 1943 रोजी चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांनी तेहरानमध्येच बसून इराणचे स्वातंत्र्य आणि सार्वभौमत्व जपण्याचे जाहीरनाम्यात लिहून दिले. बाहेर निवडणुका चालूच होत्या.

उत्तरेत तूदे पक्षाला रशियन फौजेची सावली लाभली. या पक्षाचे आठ सभासद निवडून आले, त्यातले बहुतेक रशियनांच्या ताब्यातल्या मुलखातून. पण म्हणून ते सगळे बाहुले होते असे म्हणणे मला पटत नाही. आठांपैकी तकी फदाकार इस्फहानमधून आला. तिथे रशियन शिपाई नव्हता. होत्या कापडगिरण्या, आणि फदाकार गिरणी कामगारांच्या संघटनेचा वकील होता. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. तेहरानमधून सर्वांत वरच्या क्रमांकाने निवडून आला डॉ. मुहम्मद मुसद्दिक, आणि तो कोणत्याच वकिलातीच्या यादीतला नव्हता.

फेब्रुवारी 1944 अखेर मजलिस भरली आणि एतबारनामे पुढे आले. मुसद्दिकने सय्यद जियाच्या एतबारनाम्याला हरकत घेतली. दोघांचे जुने वैर होते. 1921 मध्ये मुसद्दिक फारसचा गव्हर्नर होता आणि जियाचे सरकार मानायला त्याने नकार दिला होता. भाषणे गाजली, पण मतदानात सय्यद जिया बचावला. काही महिन्यांनी तबरेजहून निवडून आलेल्या पिशेवरीचा एतबारनामा आला. पिशेवरी जुना कम्युनिस्ट, रझाशाहच्या तुरुंगात वर्षे काढलेला. त्याचा एतबारनामा थोड्या मतांनी फेटाळला गेला. यज्दवर ब्रिटिशांची छाया, ती चालली. तबरेजवर रशियनांची छाया, ती चालली नाही. तबरेजच्या मतदाराने यातून काय समजायचे होते? डिसेंबर 1945 मध्ये त्याच तबरेजमध्ये वेगळे सरकार उभे राहिले आणि त्याचा प्रमुख पिशेवरी होता. रशियन फौज नसती तर ते सरकार टिकले नसते हे खरेच. पण मजलिसचा दरवाजा त्याच्यासाठी मजलिसनेच लावला होता, हेही विसरता येत नाही.

मुसद्दिकने सुहेली आणि तदय्युन या माजी पंतप्रधान-गृहमंत्र्यांच्या चौकशीचा धोशा लावला. मार्च 1945 मध्ये या सभागृहाला चोरांचा अड्डा म्हणून तो बाहेर पडला. विद्यार्थ्यांनी त्याला खांद्यावर घेऊन परत आणले, तेव्हा शिपायांनी गोळीबार केला. निवडणूक सुधारणेची त्याची एक सूचना मात्र मला खटकते. निरक्षरांचे मत काढून घ्यावे, म्हणजे जमीनदाराची चिठ्ठी बंद होईल, असे त्याचे म्हणणे होते. चिठ्ठी लिहिणारा मोकळा आणि शिक्षा चिठ्ठी आणणाऱ्याला. माझ्या वर्गातल्या कित्येक मुलांच्या आज्यांना सही येत नाही, पण कोणाला मत द्यायचे हे त्यांना कोणी सांगू शकत नाही.

तेलाचे प्रकरण थोडक्यात सांगते. ऑगस्ट 1944 मध्ये तूदेचा रादमनेश मजलिसमध्ये म्हणाला, कोणत्याही परदेशाला तेलाची सवलत नको. सप्टेंबरात रशियन मंत्री काव्तारादझे उत्तरेचे तेल मागायला आला, आणि ऑक्टोबरात तूदेचा मोर्चा तीच सवलत द्या म्हणून तेहरानच्या रस्त्यावर, सोबत रशियन लष्करी गाड्या. 2 डिसेंबरला मुसद्दिकने एकाच बैठकीत कायदा मंजूर करून घेतला. परदेशी फौजा देशात असेपर्यंत वाट पाहण्याची भाषा नाही, मंत्र्याने तेलाची बोलणी करणे हाच गुन्हा. परक्यांच्या छायेत निवडून आलेल्या सभागृहाने हे केले.

याच सभागृहाने ऑक्टोबर 1945 मध्ये आणखी एक ठराव केला. देशात परक्या फौजा असेपर्यंत पंधराव्या मजलिसची निवडणूक घ्यायची नाही. स्वतः कसे निवडून आलो हे सभासदांना ठाऊक होते. ठरलेल्या मुदतीत, मार्च 1946 पर्यंत, ब्रिटिश गेले, रशियन थांबले. वृद्ध आणि धूर्त पंतप्रधान कवाम याने या ठरावाचाच आधार घेतला. एप्रिलमध्ये त्याने रशियाला उत्तरेच्या तेलाचा करार लिहून दिला, अट एकच, नव्या मजलिसची मंजुरी. नवी मजलिस निवडायची तर फौजा जायला हव्यात. मे महिन्यात त्या गेल्या. डिसेंबरात इराणी सैन्य तबरेजमध्ये शिरले, तेही निवडणूक शांततेत पार पाडण्यासाठी म्हणून.

ती निवडणूक कवामच्या पक्षाने मनसोक्त वाकवली. आता देशात परका शिपाई नव्हता, तरी टेबलावरचा हाकीम तोच होता. 22 ऑक्टोबर 1947 रोजी करार नव्या मजलिसपुढे आला आणि 102 विरुद्ध 2 मतांनी फेटाळला गेला. डिसेंबरात याच सभासदांनी कवामवरचा एतबारही काढून घेतला.