पगारपटातले रकाने

महाराष्ट्रात बहुतेक नोकरदारांच्या फेब्रुवारीच्या पगारातून शंभर रुपये जास्त कापले जातात. व्यवसाय कर अकरा महिने 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये. याचं मूळ राज्यघटनेच्या 276व्या कलमात आहे. नोकरी-धंद्यावर कर लावण्याची मुभा हे कलम राज्यांना देतं, पण वर्षाची कमाल मर्यादाही घालून देतं. ती आधी 250 रुपये होती, 1988च्या घटनादुरुस्तीने 2500 झाली. बारा महिन्यांत 2500 सारखे वाटले जात नाहीत, म्हणून दरमहा 200 घ्यायचे आणि उरलेले शंभर आर्थिक वर्ष संपत आलं की वसूल करायचे, असा हा हिशेब आहे. पंधरा-वीस कामगारांच्या कारखान्यासाठी पगाराचं सॉफ्टवेअर घ्यायला निघालेला मालक किंमत विचारतो, मोबाइलवर चालतं का ते विचारतो. विक्रेत्याला ‘फेब्रुवारीचा पगार काढून दाखवा’ असं सांगणारे मात्र थोडेच, आणि खरी परीक्षा तिथेच आहे.

कारण पगारपटातला जवळजवळ प्रत्येक रकाना कुठल्या ना कुठल्या तंट्यातून, कायद्यातून किंवा तडजोडीतून आलेला आहे. त्यातल्या कितीतरी रकान्यांचा उगम मुंबईच्या गिरणगावात सापडतो.

कावसजी दावर यांची गिरणी 1856 मध्ये सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ-लालबागचं आकाश धुराड्यांनी भरून गेलं. गिरणीत पगार महिन्याचा असे, पण महिना भरला की तो हातात पडे असं नाही. आणखी दहा-पंधरा दिवस, कुठे त्याहूनही जास्त, वाट पाहावी लागे. कोकणातून किंवा घाटावरून नव्याने आलेला माणूस तोवर वाण्याच्या उधारीवर आणि खानावळीच्या भरवशावर जगे. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर पठाण सावकार उभेच असत. मधेच काम सोडलं तर मागचा चढलेला पगार बुडण्याची भीती होती. थकलेला पगार हा कामगाराला बांधून ठेवण्याचा उपाय होता आणि तो अतिशय परिणामकारक होता.

त्यावर दंड. उशिरा आला म्हणून दंड, काम बिघडलं म्हणून दंड. विणकराच्या हातून कापड खराब झालं, तर काही गिरण्यांत ते त्याच्याच माथी मारून किंमत पगारातून वळती करत. मग ते कापड विकून पैसे उभे करणं ही त्याची जबाबदारी. हे सगळं ज्याच्या तोंडून ठरे तो मुकादम किंवा जॉबर. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच आणि दस्तुरी घेणाराही तोच. हजेरी त्याच्या मर्जीवर होती, त्यामुळे पगारही.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884च्या सप्टेंबरमध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि जखमी कामगाराला भरपाई या मागण्या आजही लोकांच्या लक्षात आहेत. त्याच अर्जातली एक मागणी फारशी आठवली जात नाही: मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत मिळावा. पुढे 10 जून 1890 रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. पगाराच्या तारखेसाठी मात्र कामगारांना अर्धं शतक थांबावं लागलं.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालच्या शाही मजूर आयोगाने 1931 मध्ये आपला अहवाल दिला. ना. म. जोशी या आयोगाचे सदस्य होते. उशिरा होणारे पगार, मनमानी दंड आणि कर्जबाजारीपणा या अहवालात एकत्र नोंदले गेले आणि त्यातून 1936चा वेतन प्रदान कायदा आला. तो 1937च्या मार्चमध्ये अमलात आला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे पगार 7 तारखेच्या आत आणि त्याहून मोठ्या ठिकाणी 10 तारखेच्या आत द्यायचा, असं त्यात ठरलं. दंड रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नको, तो कशासाठी होऊ शकतो याची सूचना आधी लावलेली हवी, कामगाराचं म्हणणं ऐकून घेतलेलं हवं, प्रत्येक दंड नोंदवहीत चढलेला हवा आणि दंडाचा पैसा कामगारांच्या हितासाठीच खर्च व्हायला हवा. कायदा अर्थातच एकतर्फी नव्हता. दहा किंवा जास्त कामगार संगनमताने, सूचना न देता गैरहजर राहिले तर प्रत्येकाचे आठ दिवसांपर्यंतचे पैसे कापण्याची मुभा मालकाला होती. संपाची किंमत पगारपटावर अशी मांडून ठेवलेली होती.

अर्धा आणा म्हणजे रुपयाचा बत्तिसावा भाग, सव्वातीन टक्क्यांहून किंचित कमी. पुढे दशमान पद्धतीत त्याचे 3 टक्के झाले. भविष्य निर्वाह निधीचंही तसंच आहे. 1952च्या कायद्यात वर्गणीचा दर सव्वासहा टक्के होता, म्हणजे रुपयाला बरोबर एक आणा. सुरुवातीला फक्त सहा उद्योग त्यात होते, आणि कापड त्यांपैकी एक. आज साधारण दर 12 टक्के आहे, आणि मालकाच्या वाट्यातले 8.33 टक्के 15 हजारांच्या वेतनमर्यादेपर्यंत निवृत्तिवेतनाकडे वळतात. ही विभागणी हाताने करताना नवशिक्या कारकुनाची हमखास चूक होते.

महागाई भत्त्याचा रकाना तर सरळ रस्त्यावरून पगारपटात आला. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने 1921 पासून कामगारांच्या राहणीखर्चाचे आकडे गोळा करायला सुरुवात केली होती. दुसऱ्या महायुद्धात भाव चढले तेव्हा 1940 मध्ये गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठी चाळीस दिवसांचा संप केला. 1947 मध्ये औद्योगिक न्यायालयाने 26 दिवसांच्या महिन्याला 30 रुपये किमान मूळ पगार ठरवला. महागाई भत्ता त्याहून वेगळा. मूळ पगार आणि भत्ता यांच्यामधली ही रेघ अजून पुसलेली नाही. 26चा भागाकारही कित्येक कारखान्यांत तसाच चालू आहे.

जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगार कल्याण निधीचे जे थोडे रुपये जातात, ते 1953च्या मुंबई राज्याच्या कायद्यामुळे. दंडाचे पैसे आणि कामगारांनी न नेलेला पगार हेही या निधीत यावेत अशी त्यात योजना होती. न नेलेल्या पगारावरून बॉम्बे डाइंग कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाची केंद्रं, ललित कला भवनं आणि कामगार नाट्यस्पर्धा याच निधीवर उभ्या राहिल्या. पगारपावतीवरच्या एवढ्याशा रकमेचा राज्याच्या रंगभूमीशी संबंध आहे, हे सांगायला कुणाही हिशेबनिसाला अभिमान वाटावा.

हे सगळं यंत्राकडे सोपवण्याचा पहिला मोठा प्रयोग इंग्लंडमध्ये एका चहा-बिस्किटांच्या कंपनीने केला. लायन्स कंपनीने ‘लिओ’ हा संगणक स्वतःच बांधला आणि 1953च्या अखेरीस बेकरीतल्या कामगारांचे पगार त्यावर काढायला घेतले. कुशल कारकुनाला एका माणसाच्या पगाराला आठ मिनिटं लागत, तिथे लिओला दीड सेकंद पुरे. तरीही कंपनीने लगेच जुनी पद्धत मोडली नाही. काही आठवडे कारकून आणि यंत्र दोघंही पगार काढत होते, आकडे ताडून पाहत होते. यंत्रावर पूर्ण भरवसा टाकला तो 1954च्या फेब्रुवारीत.

भारतात पंचकार्डांची यंत्रं मोठ्या कंपन्यांपुरतीच राहिली. टाटा कन्सल्टन्सीची 1968 मधली सुरुवातीची कामंदेखील टाटा स्टीलसाठी पंचकार्डांवरचीच होती. यंत्र नोकऱ्या खाईल या भीतीने विमा कर्मचारी रस्त्यावर उतरले आणि सरकारला पुण्याचे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांची स्वयंचलन समिती नेमावी लागली. छोट्या धंद्याकडे संगणक आला तो 1980च्या दशकाच्या अखेरीपासून, आणि टॅली हे नाव घेऊनच आला. बंगळूरच्या गोयंका पितापुत्रांनी 1986 मध्ये हे काम सुरू केलं. त्यात आधी जमाखर्च होता. पगाराचा भाग नंतर जोडला गेला. तोवर इचलकरंजीतल्या मागवाल्याकडे किंवा भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये मस्टरवर हजेरी, लाल शाईत खाडे आणि पाकिटात रोख रक्कम हीच रीत होती. कामगाराच्या लेखी संमतीने पगार बँकेत भरण्याची तरतूद 1976 मध्येच झाली होती, पण नोटबंदीनंतरच्या दुरुस्तीने पाकिटांची संख्या खरी घटली.

आता 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता लागू झाली आहे आणि 1936चा कायदा तिच्यात विरला आहे. मूळ पगार कमी दाखवून बाकी सगळं भत्त्यांत घालायचं, म्हणजे भविष्य निधी आणि ग्रॅच्युइटीचा बोजा घटतो, ही अनेक आस्थापनांची सवय. संहितेनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच धरला जातो. काम सोडणाऱ्याचा हिशेब कामकाजाच्या दोन दिवसांत चुकता करायचा आहे. त्यामुळे सॉफ्टवेअर पाहताना विचारण्याजोगे प्रश्न बदलले आहेत. वेतनाची व्याख्या त्यात मालकाला तपासता येते, की ती विक्रेत्याच्या हातात बंद आहे? महिन्याच्या मध्यावर कुणी सोडून गेलं तर त्याचा पूर्ण हिशेब त्याच दिवशी निघतो का? दोन महिने जुना पगारपट आणि नवं सॉफ्टवेअर शेजारी शेजारी चालवायला विक्रेता तयार आहे का? लायन्ससारख्या कंपनीला जी सावधगिरी गरजेची वाटली, ती वीस माणसांच्या कारखान्याला अनाठायी ठरत नाही.

आणखी एक गोष्ट बाजारातल्या बऱ्याच सॉफ्टवेअरांत अजून धड जमलेली नाही. 1936च्या कायद्याचा गोषवारा इंग्रजीबरोबरच बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत कारखान्यात लावावा, अशी सक्ती होती. पगारपावती मात्र आज बहुतेक ठिकाणी इंग्रजी संक्षेपांनी भरलेली असते आणि मोबाइलवर पीडीएफ म्हणून येते. लेथवर उभा असलेला माणूस खालचा आकडा पाहतो आणि वरच्या कपाती कशाच्या ते फोरमनला विचारतो. मराठीत, आणि जिथे बिहार-ओडिशाचे कामगार आहेत तिथे हिंदीत किंवा ओडियात, कपातीचं नाव आणि तिचा आधार पावतीवर छापून मिळतो का, हे विकत घेण्याआधी एकदा छापून बघायला हवं.