मुलाखत, कलावंतांची

कलावंत आणि समीक्षक वा पत्रकार यांच्यात कला, कलानिर्मिती व मनोरंजन यांविषयी घडलेला आणि प्रसिद्धीच्या हेतूने नोंदलेला प्रश्नोत्तररूप संवाद. खाजगी संभाषण, व्याख्यान आणि आत्मचरित्र यांहून हा प्रकार वेगळा आहे. कारण त्याचा विषय व क्रम बहुतांशी प्रश्न विचारणारा ठरवितो, आशय उत्तर देणारा पुरवितो आणि अखेरचे रूप संपादनातून सिद्ध होते. चित्रपट, जॅझ, पॉप संगीत, दूरचित्रवाणी इ. लोकप्रिय कलांच्या इतिहासात त्याला विशेष महत्त्व आहे. काव्य, नाट्य, शिल्प यांच्यामागे शतकानुशतकांचे शास्त्र व टीकावाङ्‌मय उभे होते. विसाव्या शतकात उदयास आलेल्या लोकप्रिय कलांपाशी तसे काही नव्हते. त्यांच्या कारागिरीचे ज्ञान मुख्यतः त्या कारागिरांच्या स्मरणात व बोलण्यात साठलेले होते. त्यामुळे मुलाखत हे या कलांच्या टीकावाङ्‌मयाचे एक प्रमुख अंग बनले आणि कित्येकदा त्यांच्या इतिहासाचे एकमेव साधनही ठरले. ते साधन कितपत विश्वसनीय मानावे, हा प्रश्न तेव्हापासूनच त्याच्याशी निगडित आहे.

पूर्वेतिहास : थोरामोठ्यांची संभाषणे टिपून ठेवण्याची प्रथा प्राचीन आहे. आधुनिक काळात योहान पेटर एकरमान (१७९२–१८५४) याने महाकवी गटेशी झालेल्या संभाषणांचे ग्रंथ प्रसिद्ध केले (१८३६ व १८४८). फ्रान्समध्ये पॉल ग्सेल याने शिल्पकार रॉदँशी केलेल्या संवादांचा ग्रंथ १९११ मध्ये निघाला. तथापि हे लेखन शिष्यभावाने व बहुतांशी स्मरणाच्या आधारे झालेले होते. वृत्तपत्रीय मुलाखतीचा उगम अमेरिकेतील. ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’चा संपादक हॉरिस ग्रीली (१८११–७२) याने १८५९ मध्ये मॉर्मन पंथाचा प्रमुख ब्रिगम यंग याची घेतलेली प्रश्नोत्तररूप मुलाखत ही या प्रकाराच्या आद्य नमुन्यांत गणली जाते. पुढे नटनट्यांच्या मुलाखती हा वृत्तपत्रांचा व चित्रपटविषयक नियतकालिकांचा नित्याचा मजकूर झाला. परंतु त्यांत कलेपेक्षा राहणीमान व खाजगी जीवन यांनाच प्राधान्य असे.

या परिस्थितीत पालट घडविणारी दोन कारणे होती. पहिले कारण तांत्रिक. ध्वनिमुद्रणाची साधने सुलभ झाल्यामुळे दीर्घ संभाषण शब्दशः नोंदता येऊ लागले. दुसरे कारण वैचारिक. करमणुकीसाठी निर्माण होणाऱ्या कृतींमागेही एखाद्या व्यक्तीची दृष्टी व शैली असू शकते, असे प्रतिपादणारी समीक्षा दुसऱ्या महायुद्धानंतर बळावली. १९५३ मध्ये सुरू झालेल्या ‘द पॅरिस रिव्ह्यू’ या त्रैमासिकाने पहिल्याच अंकात इ. एम. फॉर्स्टर याची लेखनप्रक्रियेविषयी सविस्तर मुलाखत छापली आणि साहित्यिकांच्या मुलाखतींची परंपरा रूढ केली. १९५१ मध्ये पॅरिसमध्येच निघालेल्या ‘काइए द्यु सिनेमा’ या नियतकालिकाने हीच पद्धती चित्रपट-दिग्दर्शकांना लागू केली.

हिचकॉक व त्र्यूफो : लोकप्रिय कलावंताची दीर्घ मुलाखत कोणते कार्य करू शकते, याचे सर्वांत प्रभावी उदाहरण म्हणजे ॲल्फ्रेड हिचकॉक (१८९९–१९८०) व फ्रांस्वा त्र्यूफो (१९३२–८४) यांचा संवाद. हिचकॉक हा रहस्यपटांचा विख्यात दिग्दर्शक असला, तरी अमेरिकेतील बऱ्याच समीक्षकांच्या लेखी तो केवळ एक कुशल करमणूककार होता. त्र्यूफो हा आधी ‘काइए’चा समीक्षक व नंतर स्वतः दिग्दर्शक. १९६२ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला असता, फ्रेंच समीक्षक हिचकॉकला एवढे गंभीरपणे का घेतात, असा प्रश्न त्याला वारंवार विचारण्यात आला. ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्याने ही हकिकत नोंदविली असून, ग्रंथाची प्रेरणा तीच असल्याचे सुचविले आहे.

त्र्यूफोने जून १९६२ मध्ये हिचकॉकला पत्र पाठवून त्याच्या समग्र कार्यावर क्रमवार मुलाखत मागितली. १३ ऑगस्ट १९६२ रोजी, हिचकॉकच्या ६३ व्या वाढदिवशी, हॉलिवुडमधील युनिव्हर्सल स्टुडिओत संभाषणांना प्रारंभ झाला व ती सुमारे आठवडाभर चालली. दोघांची भाषा भिन्न असल्याने हेलन स्कॉट हिने दुभाषाचे काम केले. छायाचित्रे फिलिप हाल्समन याने टिपली. फ्रेंच ग्रंथ १९६६ मध्ये आणि इंग्रजी आवृत्ती १९६७ मध्ये प्रसिद्ध झाली. मूकपटांपासूनचा प्रत्येक चित्रपट क्रमाने घेऊन त्याची कथा, छायालेखन, संकलन, ध्वनी आणि प्रेक्षकांवरील अपेक्षित परिणाम यांची त्यात चर्चा आहे. टेबलाखाली बाँब असल्याचे प्रेक्षकांना ठाऊक नसेल, तर स्फोटाने त्यांना क्षणभर धक्का बसतो. ते आधीच ठाऊक असेल, तर टेबलाभोवतीचे अगदी साधे संभाषणही ते जीव मुठीत धरून ऐकतात, हे हिचकॉकचे उत्कंठेविषयीचे विवेचन याच ग्रंथामुळे सर्वतोमुखी झाले. एखाद्या शास्त्रग्रंथात शोभावे असे हे विवेचन आहे. मात्र ते सूत्ररूपाने मांडलेले नसून जाणकार सहव्यावसायिकाच्या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हिचकॉकची गणना श्रेष्ठ कलावंतांत होऊ लागली, त्यात या ग्रंथाचा वाटा मोठा आहे.

तथापि हा ग्रंथ म्हणजे मूळ संभाषणाची प्रतिकृती नव्हे. दुभाषाच्या द्वारे घडलेले संभाषण त्यात संक्षिप्त करून, सलग वाचता येईल अशा रीतीने पुन्हा रचलेले आहे. जतन झालेल्या ध्वनिफितींतील बोलणे पुस्तकातील भाषेहून अधिक सैल व अनौपचारिक आहे. शिवाय हिचकॉक तंत्राविषयी मोकळेपणाने बोलतो. अर्थाविषयीच्या प्रश्नांना मात्र पुष्कळदा विनोदाने बगल देतो. कलावंताचे भाष्य हा त्याच्या कृतीवरील अखेरचा निर्णय मानता येत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

लोकप्रिय संगीत : संगीताच्या क्षेत्रात या पद्धतीचा पाया लोकगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स (१९१५–२००२) याने घातला. मे १९३८ मध्ये त्याने वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जॅझ पियानोवादक जेली रोल मॉर्टन याला पियानोसमोर बसविले आणि न्यू ऑर्लीअन्स शहर, तेथील नाचगाण्याची घरे, अंत्ययात्रांतील वाद्यवृंद व वादनाच्या शैली यांविषयी बोलते केले. मॉर्टन बोलता बोलता वाजवून दाखवी. त्यामुळे वर्णन व प्रात्यक्षिक एकाच तबकडीवर नोंदले गेले. त्यावर आधारलेला ‘मिस्टर जेली रोल’ हा ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मॉर्टनचे बोलणे प्रथमपुरुषी आत्मकथनाच्या स्वरूपात आहे. लोमॅक्सचे प्रश्न त्यातून गाळलेले आहेत. जॅझ आपणच निर्माण केला, हा मॉर्टनचा दावा इतिहासकारांनी स्वीकारला नाही. परंतु जॅझच्या बाल्यावस्थेचे वर्णन म्हणून त्याच्या कथनाचे मोल कायम राहिले. पुराव्यातील बढाई व माहिती वेगळी करणे, हे मुलाखतीच्या अभ्यासकाचे पहिले काम असते, याचा हा वस्तुपाठ होय.

मुलाखतीतील एखादे वाक्य संदर्भातून सुटले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण १९६६ मध्ये दिसून आले. लंडनच्या ‘ईव्हनिंग स्टँडर्ड’ या दैनिकात ४ मार्च रोजी मॉरीन क्लीव्ह हिने बीटल्स वाद्यवृंदाचा गायक जॉन लेनन (१९४०–८०) याच्याविषयी मुलाखतवजा लेख लिहिला. बीटल्स हे येशूपेक्षा अधिक लोकप्रिय असल्याचे लेननचे विधान त्यात ओघात आले होते. ब्रिटनमध्ये त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. उन्हाळ्यात अमेरिकेतील एका नियतकालिकाने ते ठळकपणे पुनर्मुद्रित करताच दक्षिणेकडील राज्यांत बहिष्कार पुकारला गेला, बीटल्सच्या ध्वनिमुद्रिका जाळण्यात आल्या आणि ऑगस्टमध्ये लेननला शिकागो येथे वार्ताहरांसमोर खुलासा करावा लागला. शब्द तेच होते. वाचक व मांडणी बदलली होती.

पॉप कला : जाहिराती, चित्रकथा, डबाबंद वस्तू अशा दैनंदिन जीवनातील प्रतिमांना चित्रकलेत आणणाऱ्या पॉप कलेची व्याख्या करण्याचा एक आरंभीचा प्रयत्नही मुलाखतींद्वारेच झाला. जीन स्वेन्सन या समीक्षकाने आठ चित्रकारांना, पॉप कला म्हणजे काय, हा प्रश्न विचारला. त्यांची उत्तरे ‘आर्टन्यूज’ या नियतकालिकाच्या नोव्हेंबर १९६३ व फेब्रुवारी १९६४ च्या अंकांत आली. सर्वांनी यंत्र व्हावे, अशा आशयाचे अँडी वॉरहॉलचे (१९२८–८७) उद्‌गार या मालिकेतील होत. पुढील अर्धशतकभर ते त्याच्या भावशून्य, यंत्रवत वृत्तीचे द्योतक म्हणून उद्‌धृत होत राहिले. २०१८ मध्ये मूळ ध्वनिफितीवरून केलेले सुधारित शब्दांकन प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या संभाषणात समलिंगी आकर्षणाचा विषय स्पष्टपणे आलेला असून छापील मजकुरातून तो गाळला गेल्याचे उघड झाले. म्हणजेच ज्या मजकुराच्या आधारे एका कलावंताची प्रतिमा घडली, तो मजकूरच अपुरा होता. वॉरहॉलने पुढे १९६९ मध्ये ‘इंटरव्ह्यू’ याच नावाचे नियतकालिक सुरू केले.

भारतातील मुलाखती : भारतात मनोरंजनाविषयीच्या प्रश्नोत्तरांची पहिली मोठी नोंद शासकीय स्वरूपाची आहे. चित्रपटांचे अभ्यवेक्षण (सेन्सॉर), अमेरिकन चित्रपटांचे वर्चस्व आणि ब्रिटिश साम्राज्यातील चित्रपटांना उत्तेजन या प्रश्नांच्या चौकशीसाठी १९२७ मध्ये दिवाण बहादूर टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय चलच्चित्र समिती नेमण्यात आली. समितीने ४,३२५ प्रश्नावल्या पाठविल्या आणि ३५३ साक्षीदारांना तोंडी प्रश्न विचारले. त्यांत निर्माते, वितरक, चित्रपटगृहांचे चालक, अधिकारी, शिक्षक व लोकनेते होते. दादासाहेब फाळके (१८७०–१९४४) व लाला लजपतराय यांच्याही साक्षी झाल्या. आपण कधीही चित्रपट पाहिलेला नसल्याने उत्तरे देण्यास अपात्र आहोत, असे महात्मा गांधींनी समितीला कळविले. समितीचा अहवाल १९२८ मध्ये सादर झाला. साक्षींचे खंड स्वतंत्रपणे छापण्यात आले. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी फारच थोडे आज उपलब्ध आहेत. चित्रपट नष्ट झाले. परंतु ते काढणाऱ्यांची भांडवल, प्रेक्षकवर्ग, नट्यांची उणीव व सरकारी धोरण यांविषयीची उत्तरे या खंडांत टिकून राहिली. त्यामुळे चौकशीच्या हेतूने विचारलेले हे प्रश्न आज इतिहासाचे मोलाचे साधन ठरले आहेत.

मुंबईहून बाबूराव पटेल यांनी १९३५ मध्ये सुरू केलेल्या ‘फिल्मइंडिया’तील वाचक व संपादक यांची तिखट प्रश्नोत्तरे अतिशय लोकप्रिय होती. १९५२ मध्ये ‘फिल्मफेअर’ निघाल्यानंतर कलावंतांच्या मुलाखतींना सचित्र व आकर्षक रूप लाभले. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्यावरील तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा चित्रपट-कलावंतांच्या मुलाखतींचा हिंदी कार्यक्रम दोन दशके चालला, तर ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ या मराठी कार्यक्रमाने साहित्यिक व कलावंत यांना घरोघरी पोहोचविले. पुणे येथे १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जुन्या चित्रपट-कलावंतांच्या ध्वनिमुद्रित मुलाखतींचा संग्रहही केला. महाराष्ट्रात रंगमंचावर श्रोत्यांसमक्ष घेतली जाणारी प्रकट मुलाखत हा स्वतंत्र प्रकार रूढ झाला असून सुधीर गाडगीळ हे त्यातील विशेष प्रसिद्ध मुलाखतकार होत. या प्रकारात श्रोते हा तिसरा घटक असतो; त्यांच्या हास्याचा व दादेचा उत्तरांवर परिणाम होतो.

संवादातून सिद्ध झालेल्या मराठी आत्मकथनांत हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) या पुस्तकाचे स्थान महत्त्वाचे आहे. तमाशापट व सामाजिक चित्रपट गाजविणाऱ्या या अभिनेत्रीच्या कथनाचे शब्दांकन अरुण साधू यांनी केले. चित्रपटसृष्टीतील स्त्रीचे श्रम, तिच्या कमाईवर अवलंबून असलेले कुटुंब आणि तिची झालेली परवड यांविषयी इतक्या स्पष्टपणे तोवर क्वचितच लिहिले गेले होते. श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) हा चित्रपट या आत्मकथनावर आधारलेला आहे. येथेही मॉर्टनच्या ग्रंथाप्रमाणे विचारणारा पडद्याआड गेला आहे. पण सांगण्याचा ढंग आणि श्रोत्याला उद्देशून असलेले शीर्षक यांवरून त्यामागील संवाद जाणवतो.

मूल्यमापन : मुलाखतीच्या मर्यादा उघड आहेत. स्मरणशक्तीचे दोष, स्वतःची प्रतिमा जपण्याची इच्छा, नव्या कृतीची जाहिरात करण्याचा हेतू आणि संपादकीय काटछाट यांमुळे तिचा मजकूर जसाच्या तसा प्रमाण मानता येत नाही. चित्रपट प्रदर्शित होण्याच्या सुमारास निर्मितिसंस्थांनी ठराविक वेळेत आखून दिलेल्या मुलाखतींत तर प्रश्न व उत्तरे दोन्ही साचेबंद होतात. याउलट प्रश्न विचारणारा कृतींचा कसून अभ्यास करून आलेला असेल, वेळ पुरेसा असेल आणि मूळ ध्वनिमुद्रण जपून ठेवलेले असेल, तर मुलाखतीतून अन्य कोणत्याही मार्गाने न मिळणारी माहिती हाती लागते. हिचकॉक, मॉर्टन व वॉरहॉल या तिघांच्याही बाबतीत छापील मजकुराची फेरतपासणी शक्य झाली, ती मूळ ध्वनिमुद्रणे टिकून राहिल्यामुळे. चित्रपटाची प्रत वा गाण्याची ध्वनिमुद्रिका यांच्या जोडीने या संभाषणांच्या मूळ नोंदी जतन करणे, हा म्हणूनच लोकप्रिय कलांच्या इतिहासलेखनाचा एक अत्यावश्यक भाग मानला पाहिजे.