टपाली मतदान : सोलापूर जिल्हा

टपाली मतदान म्हणजे मतदान केंद्रावरच्या यंत्राऐवजी कागदी मतपत्रिकेवर मत नोंदवून ते बंद लिफाफ्यातून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हवाली करण्याची पद्धत. तिचा आधार लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ मधील कलम ६० आणि निवडणूक संचालन नियम, १९६१ हा आहे. मतदार गावापासून किती लांब आहे याचा इथे विचार होत नाही. तो कोणत्या वर्गात बसतो एवढेच पाहिले जाते. सीमेवर असलेल्या सांगोल्याच्या जवानाला ही सोय आहे. पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि सुटीला हुतात्मा एक्सप्रेसने घरी येणाऱ्या सोलापूरकराला ती नाही. नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक गळीत हंगामाच्या तोंडावर आली, तेव्हा बीडहून सोलापूरच्या फडात आलेल्या ऊसतोड मजुरालाही ती नव्हती.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो निवडणुकीच्या ड्युटीवर असलेल्या कर्मचाऱ्यांच्या अर्जांत, आणि त्याचे मूळ जिल्ह्याच्या नकाशात आहे. जिल्ह्यात विधानसभेचे अकरा मतदारसंघ आहेत, पण लोकसभेसाठी ते तीन ठिकाणी वाटले गेले आहेत. मोहोळ, सोलापूर शहर उत्तर, शहर मध्य, अक्कलकोट, सोलापूर दक्षिण आणि पंढरपूर हे सोलापूर लोकसभेत येतात. करमाळा, माढा, सांगोला आणि माळशिरस हे साताऱ्यातील फलटण व माणसह माढा लोकसभेत आहेत. बार्शी एकटी धाराशिवकडे (जुन्या नावाने उस्मानाबाद) गेली आहे. ड्युटी लागलेला कर्मचारी स्वतःच्याच मतदारसंघात काम करणार असेल तर त्याने नमुना १२ अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र, म्हणजे सगळे म्हणतात ते ‘ईडीसी’, घ्यायचे आणि ज्या केंद्रावर नेमणूक आहे तिथल्याच यंत्रावर मत द्यायचे. मतदारसंघाबाहेर नेमणूक असेल तर नमुना १२ भरून टपाली मतपत्रिका मागायची.

पंढरपूरच्या यादीत नाव असलेल्या जिल्हा परिषद शिक्षकाला मोहोळ तालुक्यातील केंद्र मिळाले असे धरू. ७ मे २०२४ च्या लोकसभा मतदानासाठी त्याला ईडीसी पुरेसे होते, कारण दोन्ही ठिकाणे सोलापूर लोकसभेतच आहेत. नेमणूक तीच राहिली असती, तरी २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेसाठी त्याला नमुना १२ लागला असता. बार्शीची शिक्षिका माढ्यात गेली तर दोन्ही वेळा टपालीच. शाळेच्या कार्यालयात ‘मागच्या वेळी मी हाच भरला होता’ असे सांगणारा सहकारी म्हणूनच भरवशाचा नसतो. नेमणुकीच्या आदेशावरील मतदारसंघ आणि मतदार यादीतील मतदारसंघ शेजारी ठेवून पाहणे हाच खरा उपाय.

नमुना १२ मतदानाच्या किमान सात दिवस आधी आणि नमुना १२ अ किमान चार दिवस आधी पोचावा असा नियम आहे; निवडणूक निर्णय अधिकारी ही मुदत कमी करू शकतो. अर्जात नाव-पत्त्याइतकाच महत्त्वाचा असतो यादीचा भाग क्रमांक आणि त्यातील अनुक्रमांक. मतदार ओळखपत्राचा क्रमांक पाठ असणाऱ्यालाही भाग क्रमांक सहसा माहीत नसतो, आणि तो चुकला की यादीत नाव शोधण्यात वेळ जातो. नेमणूक आदेशाची प्रत सोबत जोडावी लागते. प्रशिक्षणाच्या वेळीच अर्ज वाटून गोळा करण्याची पद्धत असल्याने यादीचा उतारा त्या दिवशी खिशात असलेला बरा.

पूर्वी हे कर्मचारी मतपत्रिका घरी नेत आणि मतमोजणी सुरू होईपर्यंत केव्हाही पाठवत. इतके दिवस मतपत्रिका हातात राहिली की ओळखीचा उमेदवार, गावचा पुढारी, संस्थेचा चालक अशा कोणाचाही दबाव येण्याला वाव होता. ऑगस्ट २०२३ मध्ये नियमांत १८ अ हे कलम घालण्यात आले. आता ड्युटीवरील मतदाराने सुविधा केंद्रातच मतपत्रिका घ्यायची, तिथेच मत नोंदवायचे आणि तिथेच लिफाफा द्यायचा. त्यामुळे या वर्गापुरता टपाल खात्याशी संबंध उरलेला नाही. मतदान किती गुप्त राहते या दृष्टीने हा बदल चांगलाच म्हणावा लागेल, जरी केंद्रावरच्या रांगेत उभे राहणाऱ्याला तो तसा वाटत नसला तरी.

दुसरा मोठा वर्ग वृद्ध व दिव्यांग मतदारांचा. नियमांत त्याची भर ऑक्टोबर २०१९ मध्ये पडली. तेव्हा वयाची अट ८० वर्षांची होती. सोलापूर जिल्ह्याला या सोयीची ओळख झाली ती १७ एप्रिल २०२१ च्या पंढरपूर विधानसभा पोटनिवडणुकीत. आमदार भारत भालके यांच्या निधनाने ही जागा रिकामी झाली होती. करोनाची दुसरी लाट ऐन भरात असताना ८० वर्षांवरील, दिव्यांग आणि करोनाबाधित मतदारांना टपाली मतपत्रिकेचा पर्याय मिळाला. समाधान आवताडे यांनी भगीरथ भालके यांचा चार हजारांहून कमी मतांनी पराभव केला, ती हीच निवडणूक. मार्च २०२४ मध्ये वयाची अट ८५ वर गेली. म्हणजे मंगळवेढ्याच्या (हा तालुका पंढरपूर मतदारसंघात मोडतो) ज्या ऐंशी वर्षांच्या आजींना २०२१ मध्ये घरी बसून मत देता आले, त्यांना तीन वर्षांनी, वय वाढलेले असूनही, केंद्रावर जावे लागले. दिव्यांगत्वाची अट ४० टक्क्यांची आहे आणि त्यासाठी प्रमाणपत्राची प्रत लागते.

या मतदारांनी भरायचा अर्ज म्हणजे नमुना १२ डी. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो पोचायला हवा, आणि सगळ्या प्रक्रियेत हीच मुदत सर्वांत आखूड आहे. प्रचार सुरू झाल्यावर ज्याला आजोबांच्या मताची आठवण येते, त्याला उशीर झालेला असतो. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) घरोघर जाऊन अर्ज देतो व परत घेतो; तो भरण्याची सक्ती नाही. अर्ज मंजूर झाला की यादीत नावापुढे ‘पीबी’ अशी खूण होते आणि त्या मतदाराला केंद्रावर मत देता येत नाही. पुढे मतदान अधिकारी, पोलीस आणि चित्रीकरण करणारा असे पथक घरी येते. तारीख आधी कळवली जाते, उमेदवारांनाही मार्ग सांगितला जातो. मतदार पहिल्या भेटीत सापडला नाही तर पथक आणखी एकदाच येते. त्या दिवशी तो मुलाकडे पुण्याला गेलेला असला तर मत बुडाले, कारण केंद्राचा दरवाजा अर्जाच्या दिवशीच बंद झालेला असतो. अजून हिंडते-फिरते असलेल्या वृद्धांनी, केवळ सोय आहे म्हणून सही करण्याआधी, हे लक्षात घ्यावे. भारत निवडणूक आयोगाने अधिसूचित केलेल्या अत्यावश्यक सेवांतील कर्मचारीही १२ डी भरतात, पण त्यांच्या घरी पथक जात नाही. मतदानाआधी ठरलेल्या दिवसांत टपाली मतदान केंद्रावर त्यांना जावे लागते.

सैनिकांना दर निवडणुकीला अर्ज करावा लागत नाही. नमुना २ भरून एकदा सेवा मतदार म्हणून गावच्या यादीत नाव लागले की मतपत्रिका आपोआप निघते. २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाते. ही प्रणाली सी-डॅक या पुण्यात मुख्यालय असलेल्या संस्थेच्या मदतीने उभी राहिली. जवान ती छापून घेतो, मत नोंदवतो आणि टपालाने परत पाठवतो. २००३ पासून त्याला गावातील कोणाला प्रतिनिधी नेमून त्याच्याकरवी मत देण्याचाही पर्याय आहे. अशा प्रतिनिधीच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटाला शाई लावतात. राष्ट्रपती, राज्यपाल, मंत्री यांचा ‘विशेष मतदार’ असा वेगळा वर्ग आहे. २००४ ते २००६ या काळात आंध्र प्रदेशचे राज्यपाल असताना सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे त्यात मोडत होते. प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील व्यक्तीला टपाली मत आहे, पण जिल्हा कारागृहातील कच्च्या कैद्याला, दोष सिद्ध झालेला नसूनही, कोणत्याच प्रकारे मत देता येत नाही. परदेशी राहणाऱ्या भारतीयाने नाव नोंदवले तरी मतदानासाठी स्वतः यावे लागते. महापालिका व जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. वरील नियम त्यांना लागू नाहीत.

डिसेंबर २०२४ मध्ये माळशिरस तालुक्यातील मारकडवाडीच्या ग्रामस्थांनी विधानसभेच्या यंत्रावरील मतांवर शंका घेऊन कागदी मतपत्रिकेवर स्वतःच फेरमतदान घेण्याचा बेत केला आणि प्रशासनाने तो थांबवला. लोकसभा-विधानसभेसाठी कागद नियमितपणे वापरात उरला आहे तो टपाली मतांपुरताच, आणि त्याची मोजणी यंत्रापेक्षा कितीतरी किचकट असते. ४ जून २०२४ रोजी रामवाडीच्या शासकीय गोदामात सोलापूरची मतमोजणी झाली, तेव्हा सर्वत्र होते तशी सुरुवात सकाळी आठला टपाली मतांनी झाली. आधी मोठा लिफाफा उघडतात. त्यात नमुना १३ अ मधील घोषणापत्र नसेल, त्यावर मतदाराची सही किंवा अधिकाऱ्याचे साक्षांकन नसेल, किंवा त्यावरील क्रमांक आतल्या लिफाफ्याशी जुळत नसेल, तर आतला लिफाफा न उघडताच मत बाद होते. मतमोजणी सुरू होण्याच्या ठरलेल्या वेळेनंतर आलेले पाकीट तर मोजणीत धरलेच जात नाही.

सोलापुरात प्रणिती शिंदे ७४,१९७ मतांनी निवडून आल्या, त्यामुळे टपाली मतांनी काही फरक पडण्याचा प्रश्न आला नाही. त्याच दिवशी मुंबई वायव्य मतदारसंघात मात्र यंत्रावरच्या मतांत अमोल कीर्तिकर एका मताने पुढे होते. टपाली मते रवींद्र वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१ पडली व वायकर ४८ मतांनी विजयी झाले. विजयाचे अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर बाद मतपत्रिका पुन्हा तपासणे बंधनकारक आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने आणखी एक बदल केला: टपाली मतांची मोजणी संपल्याशिवाय यंत्रांची शेवटून दुसरी फेरी आता सुरू करता येत नाही.