कळमनुरीचा आंध समाज आणि शासनमान्यतेच्या तीन पायऱ्या

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी येथे शासनाचे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय असून ते अमरावती येथील अपर आयुक्तांच्या अधिपत्याखाली येते. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे साडेनऊ टक्के आहे. त्यांत आंध जमातीचा भरणा मोठा आहे. शेती व शेतमजुरी ही या समाजाची प्रमुख उपजीविका होय.

आदिवासींसाठी असलेल्या सर्व योजना सर्व आदिवासींना मिळतात, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. शासनमान्यतेच्या तीन निरनिराळ्या पायऱ्या आहेत आणि कळमनुरीचा आंध समाज त्यांपैकी केवळ पहिल्या पायरीवर उभा आहे.

पहिली पायरी : अनुसूचित जमातींची यादी

संविधानाच्या अनुच्छेद ३४२ अन्वये राष्ट्रपती राज्यनिहाय अनुसूचित जमाती जाहीर करतात. १९५० च्या आदेशात तत्कालीन हैदराबाद राज्याच्या यादीत आंध जमातीचा समावेश होता. कळमनुरी त्या वेळी परभणी जिल्ह्यात होते (हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी निर्माण झाला). त्यामुळे येथील आंधांना प्रारंभापासूनच मान्यता लाभली. पैनगंगेपलीकडील यवतमाळ जिल्ह्यात मात्र केळापूर, वणी व यवतमाळ एवढ्याच तालुक्यांना यादी लागू होती. पुसद तालुक्यातील आंध त्याच जमातीचे असूनही यादीबाहेर राहिले. १९७६ च्या सुधारणा अधिनियमाने हे क्षेत्रबंधन दूर केले व तो २७ जुलै १९७७ पासून अमलात आला. केवळ नदीच्या पैलतीरी जन्मल्यामुळे एका पिढीला सवलतींपासून वंचित राहावे लागले, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरी पायरी : अनुसूचित क्षेत्र

संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार काही भूभाग अनुसूचित क्षेत्र म्हणून घोषित होतात. महाराष्ट्रासाठी असा आदेश १९८५ साली निघाला. त्यात शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील किनवटचा भाग येतो. हिंगोली जिल्हा येत नाही. परिणामी १९९६ चा पेसा कायदा येथे लागू नाही. गौण वनोपजाची मालकी, तसेच भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी विचारविनिमय, असे जे अधिकार त्या कायद्याने दिले, त्यांचा आधार कळमनुरीच्या ग्रामसभांना मिळत नाही.

तिसरी पायरी : विशेष असुरक्षित आदिवासी समूह

आदिवासींमध्येही काही जमाती अधिक मागे पडलेल्या आहेत, याकडे ढेबर आयोगाने १९६१ च्या अहवालात लक्ष वेधले. पाचव्या पंचवार्षिक योजनेच्या काळात ‘आदिम जमाती’ असा वर्ग करण्यात आला आणि २००६ साली त्याला ‘विशेष असुरक्षित आदिवासी समूह’ हे नाव मिळाले. शेतीपूर्व तंत्रावरील जीवन, अत्यल्प साक्षरता, आर्थिक मागासलेपण आणि घटती किंवा स्थिर लोकसंख्या हे त्याचे निकष होत. देशात असे ७५ समूह आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड हे तीन आहेत.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी आरंभ झालेले प्रधानमंत्री जनमन अभियान याच समूहांसाठी आहे. किनवटच्या कोलामांना त्यातून घरकुल मिळू शकते, आंधांना नाही. कोलामांची गरज खरीच आहे, त्याविषयी दुमत नसावे. तथापि हा वर्ग जमातीच्या नावावरून ठरतो, कुटुंबाच्या हलाखीवरून ठरत नाही. कळमनुरीतील भूमिहीन आंध विधवा कितीही असहाय असली, तरी या व्याख्येत ती ‘असुरक्षित’ ठरत नाही.

मग हाती काय उरते?

मुख्यतः एक कागद, अर्थात जमातीचे प्रमाणपत्र. उपविभागीय अधिकारी ते देतात. परंतु आरक्षित जागेवरील व्यावसायिक शिक्षण, शासकीय नोकरी वा निवडणूक यांसाठी तपासणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. महाराष्ट्राच्या २००० सालच्या अधिनियमानुसार दावा सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावरच असते. १९५० पूर्वीच्या नोंदींना विशेष वजन असते. मराठवाड्यात त्या काळी निजामाचे राज्य होते आणि दप्तर बहुतांशी उर्दूत होते. ज्या घरात कोणी शाळेत गेले नाही, तेथे असा पुरावा शोधणे किती दुष्कर असते, हे सांगणे नलगे. पित्याकडील रक्तनात्यातील कोणाजवळ वैधता प्रमाणपत्र असल्यास ते अवश्य जोडावे.

याशिवाय दोन मार्ग खुले आहेत. २००६ चा वनहक्क कायदा अनुसूचित क्षेत्राबाहेरही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासी कुटुंबास चार हेक्टरपर्यंत हक्क मागता येतो. दावा ग्रामसभेकडे करावयाचा असतो. दुसरे, २ ऑक्टोबर २०२४ रोजी सुरू झालेले धरती आबा अभियान आदिवासीबहुल गावांसाठी आहे. त्यात जमातीचे नाव आड येत नाही.

खेड्यापाड्यांत कार्य करणाऱ्या शिक्षकांनी व वसतिगृहचालकांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. पहिल्या इयत्तेत मूल दाखल होते त्याच दिवशी त्याचे नाव व जमात प्रवेश नोंदवहीत अचूक लिहिली गेली आहे, याची खातरजमा करावी. वीस वर्षांनी तपासणी समितीपुढे जो उतारा ठेवावा लागेल, तो त्याच ओळीचा असेल.