दोन अक्षरांपुरते नाव

नावांचा छंद आम्हा भाषेच्या प्राध्यापकांना जरा अधिकच. म्हणूनच वैद्यकाच्या इतिहासात ‘हू’, ‘यो’ आणि ‘री’ ही नावे वाचताना आम्ही थबकलो. ही स्वप्रतिपिंडांची नावे होत. कर्करोगाच्या काही गाठींत चेतापेशींतल्यासारखीच प्रथिने असतात. गाठीविरुद्ध उठलेली शरीराची फौज मग स्वतःच्याच मेंदूवर चालून जाते. गाठीचा कुणाला पत्ताही नसतो, आणि माणसाचा तोल जातो, पाय बधिर होतात, स्मरण ढासळते.

१९४८ साली डेनी-ब्राउन यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाबरोबर संवेदना हरवलेल्या दोन रुग्णांचे वर्णन केले. चेतापेशींविरुद्धची प्रतिपिंडे अशा रुग्णांच्या रक्तात दाखवली ती विल्किन्सन आणि झेरोम्स्की यांनी, १९६५ मध्ये. पुढे १९८०च्या दशकात न्यूयॉर्कला पोस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांचे प्रकार वेगळे केले आणि त्यांना रुग्णांच्या आडनावांची पहिली दोन अक्षरे दिली. (पेशी मारण्याचे काम यांत मुख्यतः टी-पेशी करतात, प्रतिपिंडे ही बव्हंशी खूण, असे आता मानले जाते.)

‘यो’चा रोख लहान मेंदूतील पुरकिन्ये पेशींवर असतो. १८३७ मध्ये त्या पेशींचे वर्णन करणाऱ्या पुरकिन्ये यांचे आडनाव अख्खे टिकले. ज्याच्या देहात त्या मेल्या, त्याची दोनच अक्षरे उरली. गोपनीयतेसाठी हे योग्यच, तरी ही विषमता आम्हाला बोचते.

२००७ साली दालमाउ आणि सहकाऱ्यांनी बारा स्त्रियांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. भ्रम, असंबद्ध बोलणे, झटके, मग बेशुद्धी. आणि बहुतेकींच्या अंडाशयात गाठ. येथे प्रतिपिंडे पेशीच्या पृष्ठभागावरील एनएमडीए ग्राहीवरच बसतात, म्हणून वेळेवर गाठ काढून उपचार केल्यास अनेक रुग्ण सावरतात.

हे वाचताना आमच्या भंडारा जिल्ह्यातील गावे डोळ्यांसमोर येतात. तरुण मुलगी एकाएकी बडबडू लागली की ‘बाहेरचे झाले’ हे निदान कुणीतरी आधी करतोच. नागपूरच्या मोठ्या दवाखान्याची वाट त्यानंतरची. अंगाऱ्या-धुपाऱ्यात गेलेले ते दिवस या आजारात फार महाग पडतात. त्या मुलीच्या पोटाची सोनोग्राफी करावी, हे तिच्या बडबडीवरून कुणाला सुचावे?

या आजाराला नाव मिळाले ते ग्राहीचे. त्या बारा जणींपैकी कुणाचेही एक अक्षर त्यात नाही.